बायकांच्या बाजूचं बांधकाम

९ जानेवारी १९९८, शुक्रवार

गेल्या वर्षीची डायरी निम्मी कोरीच राहिली. लिहायचं तरी काय? काँक्रीट ओतलं, काँक्रीट सुकलं. या वर्षी मात्र लिहिण्यासारखं घडणार आहे, म्हणून पहिल्याच शुक्रवारी बसायचं ठरवलं होतं. तो शुक्रवार झोपेत गेला, म्हणून हा दुसरा.

समोरच्या इराणी किनाऱ्यावरून आमच्या बंदरात फेरीबोट येते. आजवर तिचे उतारू एका पत्र्याच्या शेडमध्ये उतरत आलेत. एक टेबल पासपोर्टवाल्यांचं, एक कस्टम्सवाल्यांचं, उरलेली जागा गाठोड्यांची. त्या शेडला लागून आम्ही नवं टर्मिनल बांधतोय. पासपोर्टचे सहा काउंटर, सामान तपासायचं एक्स-रे मशीन, बायकांच्या झडतीची वेगळी खोली, नमाजाच्या दोन खोल्या, एसी. साइट इंजिनिअर मी, भानुदास टिपणीस. राहायलाही इथेच, साइटवरच्या पोर्टाकॅबिनमध्ये.

आमचे मालक यतीनसाहेब कारखानीस अबुधाबीजवळ मुसफ्फ्याच्या ऑफिसात बसतात. दिवाळीच्या सुमारास त्यांनी बोलावून सांगितलं, "भानुदास, हे टर्मिनल पंधरा मार्चला हँडओव्हर कर. एक एप्रिलपासून तू सीनियर. फॅमिली स्टेटस, टू-बेडरूम फ्लॅट, खलास. माझा शब्द." अकरा वर्षं मी इथे कागदोपत्री बॅचलर आहे. बायको आणि आठवीतली मुलगी असलेला बॅचलर. ही जमात फक्त गल्फमध्ये सापडते.

शालिनीला फोन केला. म्हणाली, "बघू या, अहो. आधी बिल्डिंग तर होऊ दे." माझ्यापेक्षा तिला कामाची काळजी जास्त.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ नाही, पण गोड बोलायची वेळ आलीच. एक्स-रे मशीन आलं आणि ड्रॉइंगमध्ये दाखवलं होतं त्याच्यापेक्षा चांगलं दीड हात लांब निघालं. मशीन बसवलं तर बायकांच्या टॉयलेटचा दरवाजा उघडत नाही. टॉयलेट ठेवलं तर मशीन भिंतीत जातं.

रमजान चालू. दुपारी दोनला सगळे घरी. सल्लागार कंपनीचे सुदानी इंजिनिअर इद्रीससाहेब कपाळ धरून बसलेले. मी म्हटलं, थांबा, मी बघतो. कॅबिनमध्ये बसून बायकांचा सगळा टॉयलेट ब्लॉकच हॉलच्या टोकाला नेला, नमाजाच्या खोलीच्या भिंतीला लावून, आणि काटकोनात फिरवला. चपखल बसला! मशीनला जागा, पाइपही कमी लागणार. रोजा सुटायच्या जरा आधी ड्रॉइंग इद्रीससाहेबांच्या घरी नेऊन दिलं. दारातच सही केली बिचाऱ्यांनी. म्हणाले, "भानू, तू मला वाचवलंस."

स्वतःची पाठ थोपटायला हात पुरत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

३० जानेवारी, शुक्रवार

ईद. मुनीरकडे जेवायला. मुनीर श्रीवर्धनचा, आमच्या काउंटरांचं लाकूडकाम त्याच्याकडे आहे, अल क्वोजला वर्कशॉप. या देशात मी ज्या घरी चप्पल काढून आत जातो असं हे एकच घर. त्याची बायको कुबरा मला भाऊ म्हणते आणि वाढताना "नको" ऐकत नाही. नऊ वर्षांच्या अफशाला विचारलं, "ईदी किती मिळाली गं?" तर म्हणते, "Uncle, that's private!"

कुबराभाभींनी विचारलं, "वैनी कधी येतायत? आल्या की पयले आठ दिवस इथंच जेवायचं हां तुमी. नव्या घरात लगेच चूल नको तिच्या गळ्यात."

"एप्रिलमध्ये. इन्शाल्ला," मी म्हटलं.

"आता कसे आमच्यासारके बोलायला लागलात," असं म्हणून मुनीर हसला.

परत आलो तर पोर्टाकॅबिनचा एसी बंद करायला विसरलो होतो. खोली थंडगार. सुट्टीच्या दिवशी बंदर फार मोकळं वाटतं. रेडिओ लावला, बंद केला. उद्या काम आहे हे बरं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शालिनीच्या पाळणाघरात आता जागा पुरत नाही. शेजारचा गाळाही घेतलाय, दोन बायका कामाला ठेवल्यात. वर कायनेटिक चालवायला शिकली! नाशिकच्या रस्त्यांवर! बिचारीला एकटीला काय काय करावं लागतं. मी सांगितलं, आता थोडे दिवस, मग हे सगळे कष्ट संपले. तिनं विचारलं, "आणि पाळणाघराचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? खलास. बंद करायचं!"

ती गप्प बसली. फोनचं कार्ड जळतंय म्हणून गप्प बसली असणार. तीस दिरहामचं कार्ड, म्हणजे तीनशेच्या वर रुपये, आणि पाच-सहा मिनिटांत खलास. तिला पैशाची फार कळकळ.

लेकीचा, पर्णिकाचा, शाळेचा दाखला अजून काढलेला नाही. व्हिसासाठी फोटो पाठवायला सांगून महिना झाला. नाशिकचे फोटोग्राफर आणि शाळेतले क्लार्क एकाच माळेचे मणी दिसतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फ्लॅट बघून आलो. अबुधाबीत, तिसरा मजला, खालीच मराठी वाण्याचं दुकान आहे, पोहे मिळतात. शाळेची बस दारात येते. शाळेत पर्णिकासाठी जागा धरून ठेवलीय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आली तर नववीत घेतील, नाहीतर जागा गेली. बेडरूमच्या खिडकीतून समुद्राची चिंधीएवढी पट्टी दिसते. खिडकीचं माप घेतलं, एजंटनं किल्लीही देऊन ठेवलीय. शालिनीला पडदे कुठल्या रंगाचे आवडतात ते आठवेना. फोन करून विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला आवडतील ते घ्या." किती विश्वास आहे बघा.

साइटवर नमाजाच्या दोन्ही खोल्यांत छताला किब्ल्याचा, म्हणजे मक्केच्या दिशेचा, बाण लावला. कंपनीनं चकचकीत स्टिकर दिलेत. पोरांनी तिरका लावला असता, म्हणून शिडीवर चढून मी स्वतःच लावला. पश्चिमेला, जरासा दक्षिणेकडे. फरशा चमकतायत, नळाला पाणी आलं. पंधरा मार्च आता हाताशी आलाय.

५ मार्च, गुरुवार

आज ट्रायल झाली. खरे उतारू आत सोडण्याआधी खोटे उतारू चालवून बघायचे, असा इथला रिवाज आहे. कंत्राटदारांच्या, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना बोलावलं होतं. प्रत्येकाला एक बॅग, एक भूमिका. कुणी आजारी, कुणी जास्तीचं सामान आणणारा, आणि अफशाला हरवलेली मुलगी केलं होतं. पोरगी इतकी मनापासून रडली की पासपोर्टच्या पोलिसानं स्वतःच्या खिशातलं चॉकलेट काढून दिलं. मला 'एकटा पुरुष प्रवासी' केलं. मुनीर म्हणाला, "भाऊ, तुमाला रिहर्सल नको." सगळे हसले. मीही हसलो.

बॅगा मशीनमधून सुळसुळत गेल्या. इद्रीससाहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला.

सरबत वाटप चालू असताना कुबराभाभी माझ्याजवळ आल्या. एका बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, रागवू नका हां. मी आत नमाज पडले. बाण बगितला. मग मागं टॉयलेटात गेले. तुमी तिथली भांडी कुठल्या तोंडानं बसवलीत?"

मला आधी कळलंच नाही.

"एक रांग किब्ल्याकडं तोंड करून हाय. दुसरी पाठ करून. दोनी चालत नाय आमच्यात. उघड्या अंगानं तिकडं ना तोंड करायचं, ना पाठ. बाया पाय ठेवणार नायत तिथं. आणि ज्यांच्या ध्यानात येणार नाय, त्यांचं तर आणकी वाईट."

माझ्या हातातला सरबताचा ग्लास मी कुठे ठेवला, आठवत नाही.

"मी यांना सांगितलेलं नाय," त्या म्हणाल्या. "पुरुषांच्या तिकडं ठीक हाय, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाय. तुमचं काम हाय, तुमीच सांगा. मी कुणाकडं बोलणार नाय."

६ मार्च, शुक्रवार

सकाळी होकायंत्र घेऊन एकटाच आत गेलो. होकायंत्राची काय गरज होती? भिंतीच्या अलीकडे मी लावलेला बाण, पलीकडे मी फिरवलेला ब्लॉक. दिव्याखाली अंधार तो हाच. बारा भांडी, बाराच्या बारा चुकीची.

नाशिकचं घर घेतलं तेव्हा देवघराचं तोंड कुठे यावं यासाठी मी बिल्डरशी महिनाभर भांडलो होतो. आणि अकरा वर्षं ज्यांच्यात राहतोय त्यांची दिशा विचारायचं सुचलं नाही. मूळ ड्रॉइंगमध्ये सगळं बरोबर होतं. ती दिशा कशासाठी होती, हे न विचारता मी शहाणपणा केला. उंटाच्या देशात येऊन उंटावरचा शहाणा झालो.

भांडी फिरवायची तर खालची फरशी, ड्रेनेज, सगळं फोडावं लागेल. पाच-सहा आठवडे तरी. पंधरा मार्च गेला, एप्रिल गेला, शाळेतली जागा गेली. शालिनीला कुठल्या तोंडानं सांगू?

आज तिला फोन केला नाही. मुनीरकडेही गेलो नाही. अंगात कणकण आहे असा निरोप दिला. डबा उघडला, तसाच झाकून ठेवला.

८ मार्च, रविवार

यतीनसाहेबांना सांगितलं. फोनवर पहिलाच प्रश्न आला, "इद्रीसची सही आहे ना ड्रॉइंगवर?"

"आहे, सर. पण त्यांनी रोजा सुटायच्या घाईत..."

"सही आहे की नाही?"

"आहे."

"मग खलास. हे बघ भानुदास, हँडओव्हर होऊ दे. नंतर कुणाच्या लक्षात आलं तर मेंटेनन्सवाले बघतील. जादा कामाची व्हेरिएशन ऑर्डर निघेल, काम आपल्यालाच मिळेल. आत्ता हात दाखवून अवलक्षण कशाला? यल्ला, कामाला लाग." मग जरा मऊ आवाजात, "फॅमिली येतेय ना एप्रिलमध्ये? हँडओव्हर लांबला तर माझ्या हातात काही राहत नाही. सीनियरची पोस्ट एकच आहे. मुसफ्फ्याच्या वर्कशॉपचा सिद्धार्थ पण लायनीत आहे, तुला माहितीय."

चुकीचं काहीच बोलले नाहीत. कंपनीनं काय माझ्या अक्कलहुशारीचा भुर्दंड भरायचा? मी गप्प बसलो तर कुणाचं काय जातं? भिंत पडत नाही, छत गळत नाही. कुबराभाभी बोलणार नाहीत, शब्दाच्या पक्क्या आहेत. मग झोप का लागत नाही, ते कळत नाही.

११ मार्च, बुधवार

सकाळी फेरीबोट आली. अजून जुन्याच शेडमध्ये उतरवतात. मी नव्या इमारतीच्या दारात उभा होतो. बोटीतून एक इराणी म्हातारी उतरली, काळ्या चादरीत, हातात थर्मास, रात्रभर समुद्र लागून चेहरा पांढराफटक. मुलगा पासपोर्टच्या रांगेत. ती माझ्याकडे आली आणि फारसीत काहीतरी बोलली. त्यातला एकच शब्द मला कळला, किब्ला.

माझा हात आपोआप उठला. विचार करावा लागला नाही, सूर्य बघावा लागला नाही. बरोबर तिकडे. म्हातारीनं छातीवर हात ठेवून मान लववली आणि शेडच्या कोपऱ्यात नमाजाची सतरंजी पसरली.

म्हणजे माझ्या हाताला ठाऊक होतं. मी तिथेच पायरीवर बसलो. पुढच्या महिन्यात ही म्हातारी माझ्या इमारतीत येणार, आमच्यावर विश्वास ठेवून मी दाखवलेल्या दारानं आत जाणार. मला स्वतःची फार शरम वाटली. अशी शरम वाटून बरेच दिवस झाले होते.

उद्या सांगणार. आत्ता लिहून ठेवतो, म्हणजे उद्या पळवाट नको.

१२ मार्च, गुरुवार

सांगितलं.

इद्रीससाहेबांनी ऐकून घेतलं, आत जाऊन पाहिलं, बाहेर आले. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला. मला वाटलं, आता ओरडणार. इंग्रजीत म्हणाले, "भानू, तू मुसलमान नाहीस. मी आहे. आणि सही माझी आहे." निघताना म्हणाले, "फोडा. वरती काय सांगायचं ते मी सांगतो."

यतीनसाहेबांना कळवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे. तू ठरवलंस. सीनियरचं लेटर सिद्धार्थच्या नावानं काढतो. तुझं पुढच्या वर्षी बघू. इन्शाल्ला." हा इन्शाल्ला कसला, ते अकरा वर्षांत कळायला लागलंय.

खोटं कशाला लिहू, सांगून बरं वगैरे काही वाटलं नाही. फ्लॅटची किल्ली एजंटला परत केली आणि टॅक्सीत बसून रडलो. पठाण ड्रायव्हरनं विचारलं, "घर में सब खैरियत?" मी म्हटलं, हां.

१३ मार्च, शुक्रवार

फोन. बूथपाशी उभा राहून तीन जणांना पुढे जाऊ दिलं. मनात वाक्यं जुळवत होतो. शालिनी रडणार, चिडणार, "अकरा वर्षं हेच ऐकतेय" म्हणणार. म्हणायचा तिला हक्क आहे.

सगळं सांगितलं. माझी चूक, म्हातारी, सिद्धार्थ, शाळेतली जागा. "या वर्षी तुम्हाला आणता येत नाही गं. माझ्यामुळे."

ती म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं! बरं केलंत सांगितलंत ते. अगदी बरं केलंत."

आणि बोलायला लागली. किती बोलली! एरवी "कार्ड जळतंय, ठेवते" म्हणणारी बायको, मी दुसरं कार्ड घातलं तरी थांबेना. नव्या गाळ्याच्या भिंतींवर तिनं स्वतः हत्ती रंगवलेत, त्यांतला एक डुकरासारखा झालाय. पर्णिका कथ्थकच्या परीक्षेत पहिली आली. शेजारचे काका कायनेटिकवर मागे बसायला घाबरतात. हत्तीचं सांगताना इतकं हसली की मलाही हसू आलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती असं हसायची. मी म्हटलं, "तू चिडशील असं वाटलं होतं."

"चिडू कशाला? तुम्ही तब्येतीला जपा. वेळेवर जेवा."

कार्ड संपलं. बूथमधून बाहेर आलो तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं होतं. अशी समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

१४ मार्च, शनिवार

फोडायला सुरुवात केली. पहिला हातोडा मीच मारला. पांढऱ्या फरशीचे तुकडे उडाले, धूळ नाकातोंडात. माणसं बघत होती, म्हणून जरा जास्तच जोरात मारला.

दुपारी मुनीर आला. कुबराभाभींनी डबा दिला होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण. आम्ही पोत्यांवर बसून जेवलो. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "कुबरा काल दिवसभर रडत होती भाऊ. बोलते, माज्यामुळं वैनीचं येणं गेलं. मी तोंड उगडलं नसतं तर ती आली असती."

"त्यांना सांग, अजिबात मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. "शालिनीनं फार छान घेतलं. उलट हसत होती. दोन कार्डं संपेपर्यंत बोलत होती."

मुनीरनं घास हातातच ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग भाकरीकडे. "बरं झालं," म्हणाला. जरा थांबून त्यानं विचारलं, "मग पुडच्या वर्षी नक्की येते बोलली ना?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि आठवत बसलो. हत्ती आठवले, कथ्थक आठवलं, काका आठवले. पुढच्या वर्षाचं तिनं विचारलंच नव्हतं. मग कधी, असंही नाही.

"हो," मी मुनीरला म्हटलं. "बोलली असणार. बूथमध्ये नीट ऐकू आलं नाही."

पण ऐकू सगळं आलं होतं. अगदी शेजारच्या खोलीतून बोलावं, तितकं स्वच्छ.